रोज एक तास

निवृत्त शिक्षिका विमल थोरबोले यांच्याकडे पलीकडच्या गल्लीतल्या हजारेबाई तीन महिने रोज दुपारी चारला यायच्या. त्यांचा एकही दिवस चुकला नव्हता. पाच वाजता मनगटावरची पट्टी थरथरली की मात्र बोलणं अर्धवट टाकून उठायच्या.

विमलताईंना संशय येऊ लागला. एकटेपणाने रक्तदाब वाढतो, म्हणून दवाखाने हल्ली गोळ्यांऐवजी माणसं लिहून देतात, हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे ही बाई पगारी होती? मुलाच्या घटस्फोटाबद्दल आपण जे बोललो, ते सगळं तिने दवाखान्यात सांगितलं असेल?

त्या दिवशी त्यांनी हजारेबाईंना दारातच अडवलं. "खरं सांगा, तुम्हाला माझ्याकडे कोणी पाठवलं?"

हजारेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. रुग्ण म्हणून त्यांचंच नाव होतं. खाली औषध लिहिलं होतं : 'विमल थोरबोले, रोज एक तास.'

"लेक गेल्यापासून माझं बीपी उतरतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"पण माझं नाव त्यांना कुठून मिळालं?"

"ते मलाही सांगितलं नाही."

"मग आज काय, पुढचा डोस?"

"नाही हो. कोर्स कालच संपला. आज मी अशीच आले."

विमलताईंनी कागदावरची शेवटची तारीख दोनदा वाचली. ती कालचीच होती. मग त्या दारातून बाजूला झाल्या.