बाहुल्याचं नाव

उत्तरेतल्या अलीगंजच्या शाळेत सुमन मॅडम हजेरी घेताना रोज माझ्यापाशी अडायच्या. "कमल तो लड़कों का नाम है," म्हणायच्या आणि माझ्या दोन वेण्यांसकट मला मुलांच्या रांगेत बसवायच्या. वर्ग हसायचा.

कठपुतळीच्या खेळालाही मी मुलांच्याच रांगेत होते. पडद्यापुढे मिशीवाला, बावळट शिपाई आला. बाहुलीवाल्याने विचारलं, "बच्चो, इनका नाम क्या रखें?"

मी उभी राहिले. "सुमन."

तासभर शिपाई सुमन लाटण्याचा मार खात राहिला आणि अख्खी शाळा हसत राहिली.

बाहेर येताच मॅडमनी माझा कान पिळला. मी म्हटलं, "मैडम, हमारे महाराष्ट्र में सुमन लड़कों का ही नाम होता है."

त्यांनी कान सोडला.

बरं झालं, शाळेच्या रजिस्टरात फक्त वडिलांचं नाव लिहायचे. माझ्या आईचं नाव सुमन.