चपलांची रांग

पडद्यावरच्या मुलीने दोन्ही कानांवर हात दाबले, आणि दामिनी सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली.

"दामिनी," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. मग पुन्हा, "दामिनी." एरवी टीव्ही लागला की ती उठून परसात निघून जायची.

सत्यवतीने पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या शकुनबाईला तिने मुद्दाम हाक मारून बोलावलं होतं. "पाहा वं बाई, तशीच्या तशी! डॉक्टर ऑटिझम म्हनते ना, तेच हाये हिलेबी. अन् किती हुशार दाखवली! आता म्हना कोनी आसगावात माह्या पोरीले येडी!"

"हिरोईन हाये वं आपली दामिनी," शकुनबाई म्हणाली.

हर्षा मागे भिंतीला टेकून होती, हातात रिमोट. ती दामिनीची दोन वर्षांनी लहान बहीण, पण रिमोट तिच्याकडेच असे. मोठ्या आवाजाने दामिनी कळवळते, म्हणून तो कमी करायचं काम हर्षाचं. शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायचं कामही तिचंच. आज मात्र तिचा नुसता जळफळाट होत होता. तिच्यावर कोणी सिनेमा काढणार नव्हतं.

सिनेमातल्या त्या मुलीला आई होती, बाबा होते, शाळेत जीव लावणाऱ्या बाई होत्या.

"हिले बहीन नाही का वं माय?" हर्षाने विचारलं.

"गोष्टीत कायले पायजे बहीन?" सत्यवतीने मानही वळवली नाही. "चूप बस. पाहू दे."

हर्षाचा अंगठा टीव्ही बंद करायच्या बटणावर गेला.

तेवढ्यात पडद्यावर ती मुलगी दारातल्या चपला ओळीने लावू लागली. दामिनी खुदकन हसली. हे तर तिचं रोजचंच काम. त्या मुलीने बाबांच्या लावल्या, आईच्या, मग स्वतःच्या. पडद्यावरची रांग तिथेच संपली. दामिनीचं हसू गेलं. ती रिकाम्या जागेवर बोट आपटू लागली.

"हर्षा? हर्षा?"

ती उठून दाराशी धावली आणि हर्षाच्या चपला घेऊन आली. सकाळी धानाच्या बांधीवर बाबांचा डबा पोचवताना लागलेला चिखल अजून तसाच होता. टीव्हीच्या टेबलावर, पडद्याला लागून, रांग संपली होती तिथे तिने त्या नीट जोडून ठेवल्या.

"अवं, टेबलावर चपला?" सत्यवती उचलायला धावली. "वरतं देव हाये!"

"हात नको लावू!" हर्षा एवढ्या जोरात ओरडली की ती स्वतःच दचकली.

सिनेमात त्या मुलीला बक्षीस मिळालं, टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. दामिनीचे हात कानांकडे जायच्या आत हर्षाने आवाज पार बंद केला.

पडद्यावरची माणसं उभी राहून मुक्यानेच टाळ्या वाजवत राहिली. त्यांच्या समोर हर्षाच्या चपला होत्या.