उरलेले थेंब

सशाने पापणी मिटायच्या आत मॅडमनी पेनासारखं यंत्र त्याच्या बुबुळाला टेकवलं आणि आकडा पाहून खुशीत मान डोलावली.

"दुखत नाही का हो त्याला?" मामांनी विचारलं.

"आधी डोळा बधिर करते ना, मामा."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतल्या सशांचं सगळं बघणारे. पिंजरे धुणं, चारा घालणं हे त्यांचं काम आणि नको तिथे नाक खुपसणं हा त्यांचा स्वभाव. काचबिंदूच्या नव्या औषधाचा प्रयोग आहे, यंत्राने डोळ्यातला दाब मोजतात, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. कारण घरी ताई होती. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता आणि उरलेल्या एकावर ती अजून हट्टाने सुईत दोरा ओवायची.

"थेंब लागू पडतायत ना, मॅडम?"

"अगदी हवे तसे!"

उघडलेली बाटली संध्याकाळी फेकायची, असा नियम होता. फेकायचं काम मामांचं. तळाशी चार-सहा थेंब उरायचेच. कचऱ्यात जायचं ते घरी नेलं, तर कुणाच्या बापाचं काय जातं?

ताई आधी कुरकुरली. "सशाचं औषध मला? उद्या कान लांब झाले म्हणजे?"

"होऊ देत. निदान माझं ऐकशील तरी."

आठवड्याभरात तिच्या डोळ्याची लाली गेली. डॉक्टरांच्या थेंबांनी डोळा नुसता चुरचुरायचा. तिने ती बाटली कपाटात टाकून दिली आणि मामांनीही अडवलं नाही. पुढे एकदा ती कौतुकाने म्हणाली, "अरे, दिव्याभोवती रंगीत कडंसुद्धा दिसतं हल्ली." मामांना भरून आलं. जन्मभर पिंजऱ्यातली घाण काढली, पण त्याच हातांनी बहिणीचा डोळा वाचत होता.

तीन आठवडे झाले. त्या सकाळी मॅडमनी शेवटच्या सशाचा दाब मोजला आणि टाळीच वाजवली.

"मामा, आजपासून या बाटल्या बंद."

मामा हातातला चारा तसाच ठेवून वळले. "का हो? चांगला गुण येत होता की!"

"गुण कसला? सशांना आपोआप काचबिंदू थोडाच होतो! या थेंबांनी आधी दाब वाढवून घेतला. औषध उद्यापासून."