चालू वर्तमानकाळ

“मॅडम, ‘किक द बकेट’ म्हंजे काय हो?” इंद्रभानकाकांनी विचारलं.

फळा पुसता पुसता गार्गी थांबली. आजच्या धड्याशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. पण काकांनी वर्गात तोंड उघडायची ही पहिलीच वेळ होती.

जानेफळच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या खोलीत गार्गी इंग्रजी बोलायला शिकवायची. त्यासाठी रोज मेहकरहून यायची. विद्यार्थी सगळे नोकरीच्या नाहीतर धंद्याच्या मागे लागलेले. साठी ओलांडलेले, वांगी-टमाटे पिकवणारे इंद्रभानकाका त्यांच्यात कशासाठी आले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दसरा झाल्यावर त्यांचा मुलगा दीपक त्यांना मोटारसायकलवरून सोडून गेला. तेव्हापासून ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि खाली हॉर्न वाजला की उठायचे.

“कुठं ऐकलं, काका?”

“ऐकलं कुठंतरी.”

गार्गीनं ते तीन शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. “शब्दशः घेतलं तर बादलीला लाथ मारणं. पण खरा अर्थ मरणं. थट्टेत म्हणतात. कुणाच्या मयतीला गेलात तर चुकूनही म्हणू नका.”

“म्हंजे आपलं गचकणं!” मोबाईलचं दुकान चालवणारा तुळशीराम ओरडला.

मग कुणालाच धीर धरवेना. खपला, टपकला, तिकीट कटलं, डबा गुल झाला. एरवी नाव विचारलं तरी लाजणारी अश्विनीसुद्धा ‘ढगात गेला’ म्हणाली आणि तिनं तोंडाला ओढणी लावली. इतका जिवंत वर्ग गार्गीनं कधी पाहिला नव्हता.

“माणूस घरी अन् गवऱ्या मसनात,” काका म्हणाले.

“ते वेगळं, काका. त्यातला माणूस अजून आहे. बादलीला लाथ मारली तो गेला, संपला.”

काकांनी मान हलवली. म्हणजे पटलं, असं गार्गीला वाटलं.

तिनं प्रत्येकाला एकेक वाक्य करायला सांगितलं. कुणी शेजारच्याचं कुत्रं मारलं, कुणी जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन. तुळशीरामनं सासऱ्याला मारून टाळ्या घेतल्या. काकांची पाळी आली तसे ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“आय ॲम किकिंग द बकेट.”

वर्ग फुटला. गार्गीलाही हसू आवरेना.

“वाक्य छान आहे काका, पण काळ चुकला. चालू वर्तमानकाळ इथं बसत नाही. एकतर मारली, नाहीतर मारणार. ही लाथ एकदाच बसते. ती मारत राहता येत नाही.”

“येते न मॅडम,” काका म्हणाले. “मी मारूनच राह्यलो.”

तुळशीराम बाक बडवायला लागला. काकाही हसले. हसता हसता गार्गीचं लक्ष त्यांच्या सदऱ्याच्या गळ्याकडे गेलं. त्या गळ्यात आणखी एक मान मावली असती. तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं घाईघाईनं उद्याचा अभ्यास सांगितला आणि वर्ग सोडला.

मुलं गलका करत जिना उतरली. काका बसूनच होते.

“काका, खरं सांगा. कुठं ऐकलं ते?”

“दसऱ्याआधी अकोल्याले, दवाखान्यात. फोटो काढले अन् मले बाहेर बसवलं. दोन शिकाऊ डॉक्टर माह्याकडं पाहून बोलत होते. बाकी इंग्रजी डोक्यावरून गेलं. बकेट तेवढं समजलं.” ते शांतपणे सांगत होते, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. “येताना पोराले विचारलं. तो म्हणे, बाबा, पलंगाखाली ओकारीची बकेट असते न, पेशंट बरा झाला का तिले लाथ मारून घरी जाते. तसंच म्हणून राह्यले ते.”

गार्गी त्यांच्यासमोरच्या बाकावर बसली. “मला ठाऊक असतं तर मी असं सांगितलं नसतं.”

“म्हणूनच तं तुमाले ठाऊक होऊ देलं नाही. गावात विचारलं असतं तं गावभर झालं असतं. वर्गात विचारलं तं अभ्यास.” त्यांनी फळ्याकडे पाहिलं. “इतके दिवस हिंमतच होत नव्हती. पोराचंच खरं असन, असं वाटे.”

खाली हॉर्न वाजला. काका उठले नाहीत. पुन्हा वाजला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दीपक दारात आला. आत पाऊल टाकणार तोच त्याची नजर फळ्यावर गेली. तो तिथंच उभा राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं नाही. गार्गीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली विनवणी तिला स्पष्ट दिसली. पण आता उशीर झाला होता.

“काय शिकले बाबा आज?” त्यानं कसंबसं विचारलं.

गार्गी काही बोलणार, तोच काका खुर्चीला धरून उठले. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पोराच्या खांद्यावर हात टाकला.

“तू सांगतलं होतं तेच निघालं बे,” ते म्हणाले. “बरं होऊन घरी जाणं. मॅडमनंबी तेच सांगतलं.”