क्लूगचं काम

टाइमआउट संपल्याचा भोंगा वाजला. चौघे मैदानात गेले. अमोस टिल्मन बाकावरच बसून राहिला.

बास्केटबॉलच्या या सामन्यात संघ एका गुणाने मागे होता, नऊ सेकंद उरले होते, आणि संघाचे निम्मे गुण एकट्या अमोसचे होते.

"अमोस, ऊठ!" कोच मॅकार्डल ओरडला.

"नको कोच, इथं बरंय." अमोसने शेजारच्या क्लूगला कोपराने ढोसलं. "सरक रे जरा, ऐसपैस बसू दे."

क्लूग सरकला. तसा भला माणूस. गोरापान, उंचापुरा, टाळ्या अख्ख्या संघात सगळ्यात छान वाजवायचा. या मोसमात त्याला एकदाही घाम आला नव्हता. पगार अमोसच्या दुप्पट.

"अरे, काय चाललंय हे?" कोचने विचारलं.

"सकाळी पगारवाढ मागायला गेलो होतो. पिव्हनी मालक म्हणाले, गावातली तिकीट काढणारी माणसं गोरी. ती क्लूगला बघायला येतात, तुला नाही. म्हटलं, मग क्लूगचंच काम शिकावं." अमोसने टॉवेल मांडीवर पसरला. "जमतंय का रे?"

"खांदे जरा सैल सोड," क्लूग पुटपुटला.

कोच खाली वाकला. आता त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या तुला हाकलतील. दुसरा कुठलाच संघ दारात उभा करणार नाही."

"माहितीये." अमोसने मांडीवरच्या टॉवेलची कडा सरळ केली.

कोचने बाकावरच्या उरलेल्या तिघांकडे पाहिलं. तिघेही काळे. तिघांनीही शांतपणे खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"पाचवा कोण?" पंचाने येऊन विचारलं.

वर काचेच्या खोलीत पिव्हनी मालक उभे राहिले.

क्लूगने जॅकेट काढलं. जर्सीला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. ज्याला बघायला लोक आले होते, तो मैदानाकडे निघाला, आणि अख्खं स्टेडियम चिडीचूप झालं.

रेषेपाशी तो थबकला. मागे वळला.

"अमोस," त्याने हळूच विचारलं, "आपली बास्केट कुठली रे?"

अमोसचा हात आपोआप उचलला गेला. अर्ध्यात आल्यावर त्याने तो खाली ओढला, मांडीखाली कोंबला, आणि त्याच्यावर बसून राहिला.