फाटकाबाहेरचे शनिवार

मध्यंतराची शिट्टी झाली, फाटक करकरलं आणि क्लबचा अध्यक्ष डिल्विन रीस दोन्ही हात पसरून सडकेवर आला.

"चल एम्रिस, आत चल. संपलं सगळं. कमिटीनं तुला माफ केलंय."

एम्रिस हॉवेल जागचा हलला नाही. याच दगडी कुंपणावर कोपर टेकून तो तेवीस वर्षं गावच्या संघाचे सामने बघत आला होता. शेजारी घडीच्या खुर्चीवर नेस्टा बसली होती. त्याच्या मित्राची, हेडन मथायसची बायको. हेडनला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती दर शनिवारी यायची.

एम्रिसचा गुन्हा एवढाच, की तो पैसे घेऊन रग्बी खेळला. गावात पंधरा जणांची रग्बी होती, हौसेची. उत्तर इंग्लंडच्या गिरणीगावांत तेरा जणांची होती, पगाराची. जो उत्तरेला गेला, त्याला गावचं फाटक जन्मभर बंद. एकविसाव्या वर्षी एम्रिस गेला आणि अकरा वर्षं तिथे पुढच्या फळीत खेळला. नाक चारदा मोडलं. शेवटी डाव्या गुडघ्यानंच त्याला घरी पाठवलं. लंडनला करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं तिघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे चेंडू टेकवला, तेव्हा त्याची आई वेल्समधल्या या गावी घरात पडदे ओढून टीव्ही बघत होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. पुढे बाप गेला. दफनानंतरचा चहा क्लबच्या खोलीत होता. सगळं गाव आत, आणि मुलगा सडकेवर.

हेडनचं तर याहून वाईट झालं. तो एम्रिसबरोबर उत्तरेत निवडचाचणीचा एकच सामना खेळला. अशा सामन्यात गावी कळू नये म्हणून वेल्सच्या पोरांची नावं छापत नसत, नावाच्या जागी 'अमुक' लिहीत. हेडनची निवड झाली नाही. सोमवारी तो परत खाणीत उतरला. पण बुधवारच्या पेपरात चिखलानं माखलेल्या पोरांचा फोटो आला आणि त्यात त्याचा चेहरा तेवढा ओळखू आला. कमिटीनं बोलावून विचारलं, आणखी कोण होतं? तो म्हणाला, एम्रिस होता, तो तिकडेच राहिला, बाकी मला ठाऊक नाही. जन्माची बंदी. पुढे कधीतरी त्यानं अर्ज केला होता, निदान लहान पोरांना चेंडू द्यायला-घ्यायला शिकवू द्या. नियम म्हणजे नियम, असं उत्तर आलं. खाली सही डिल्विनची.

"माफ?" एम्रिस म्हणाला. "मी काय कुणाच्या कोंबड्या चोरल्या होत्या?"

"शब्दात नको रे पकडूस. वरच्यांनीच नियम बदललाय. आता आपली पोरंसुद्धा पगार घेऊन खेळणार."

"मग माझं चुकलं काय होतं?"

"चुकलं काही नाही. जरा लवकर गेलास, एवढंच."

कुंपणापलीकडे दोघंतिघं हसली. एम्रिस हसला नाही.

"मी खेळून घेतलं, डिल्विन. पोटभर खेळलो, मला तुमचं काही नको. हेडनचं काय?"

डिल्विननं एकवार नेस्टाकडे बघितलं. "गेलेल्या माणसाला आता कशाला..."

"आतल्या मानकऱ्यांच्या फळ्यावर त्याचं नाव लाव."

"फळ्यावर? अरे, एक चाचणी खेळलेला माणूस तो! मी नऊ वर्षं कप्तान होतो. त्या फळ्यावर जायला काय लागतं, ते मला विचार."

एम्रिसनं कुंपणावरचं कोपर काढलं. पंचावन्नाव्या वर्षीही तो दारासारखा रुंद होता. तो एक पाऊल पुढे आला आणि अगदी हळू बोलला.

"मग असं कर. कर्ण्यावर जा आणि हेडनला कशाबद्दल माफ करताय ते गावाला सांग. अर्धं नाही, सगळं सांग. तेवढं झालं की आम्ही दोघं आत येतो. नाहीतर पुढचा शनिवार आहेच, आणि त्याच्या पुढचाही."

डिल्विनच्या तोंडावरचा रंग उडाला. तो वळला आणि फाटक लावायचंही विसरून आत गेला.

"एम्रिस," नेस्टा म्हणाली, "हेडनला शब्द दिला होतास तू."

"मोडला का? मी कुठे काय बोललो?"

"डिल्विन नाही बोलायचा. चौतीस वर्षं नाही बोलला."

"नको बोलू दे. इथूनही छान दिसतं."

दोन्ही संघ मैदानात उतरले. पंचानं शिट्टी तोंडात धरली, आणि तेवढ्यात कर्णा खरखरला. कुणाचीतरी गाडी आडवी लागल्याची सूचना असेल, असं लोकांना वाटलं. पण कर्ण्यातून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. पंचानं शिट्टी तोंडातून काढली. नेस्टानं खुर्चीतून उठून एम्रिसचा दंड धरला.

"त्या फोटोत हेडनच्या शेजारी ज्याचा चेहरा चिखलात गेलाय," डिल्विनचा आवाज आला, "तो मी आहे. एकानं तरी गावासाठी खेळावं, असं हेडन म्हणाला होता."