उड्डाणाची तारीख

पणजोबा ज्या चिमुकल्या बेटदेशात जाऊन वसले, त्या देशाचा गुणवंत हा पहिलाच संशोधक अंतराळवीर. खाऱ्या जमिनीत तगेल असं भाताचं बियाणं अंतराळात रुजवून पाहायचं, या एकाच ध्यासाने त्याने जपानात, त्सुकुबाला येऊन सारं प्रशिक्षण पुरं केलं. पण उड्डाणाची तारीख जवळ आली, की मायदेशातून निरोप येई, “पुढच्या खेपेला बघू.”

देव पाण्यात घालून बसलेली त्याची बायको विभा शेवटी वैतागली. “अरे, रॉकेट तयार, तू तयार, मग घोडं अडलंय कुठे? विचार की एकदा तोंड उघडून!”

गुणवंतने थेट मंत्र्यांनाच फोन लावला.



“बाळा,” मंत्री कळवळून म्हणाले, “अख्ख्या देशाचा तू एकुलता एक अंतराळवीर. इतक्या धोक्याच्या ठिकाणी तुला कसं रे पाठवायचं?”